रिकामा खिळा

(तुळिंज. दुसऱ्या मजल्यावरचं घर. सकाळचे सात वाजून गेलेत.)

स्वप्ना: आई, खरं सांग. चावी तू हलवलीस ना?

मीरा: कुठली चावी?

स्वप्ना: पप्पांच्या शाळेच्या व्हॅनची. पाच वाजता मी पाणी प्यायला उठले होते. तू देव्हाऱ्याजवळच्या हुकावरून चावी काढलीस आणि दारामागच्या खिळ्याला लावलीस.

मीरा: बघितलंस तर विचारतेस कशाला?

स्वप्ना: आजच लावलीस की रोज?

मीरा: चहा गार होतोय तुझा.

स्वप्ना: आई!

मीरा: रोज.

स्वप्ना: वीसच्या वीस दिवस?

मीरा: मी नाही मोजले. मोजतेस तू. अंथरुणात पडून मोबाइलवर घड्याळ लावतेस आणि वहीत लिहितेस. मला काय दिसत नाही?

स्वप्ना: अगं, ती टेस्ट होती! मी त्यांना सांगितलं होतं, पप्पा, चावीची जागा आता देव्हाऱ्याजवळ. संध्याकाळी ते चावी टेबलावर टाकतात, मी हुकाला लावते. सकाळी दिवा लागल्यापासून चावी वाजेपर्यंत किती वेळ जातो, एवढंच बघायचं होतं. सहा सेकंद. पाच सेकंद. मी वेडी इतकी खूश झाले!

मीरा: मग झालं तर.

स्वप्ना: काय झालं तर? जुन्याच जागेवरून उचलत होते ते!

मीरा: बापाची अशी परीक्षा कोण घेतं गं? तुझ्या लॅबमधले उंदीर आहेत का ते?

स्वप्ना: उंदरांवरूनच तर कळतं. पप्पांसारखा पार्किन्सन म्हटलं की सगळे हाताकडे बघतात. पण काहींचं डोकं हाताच्याही आधी अडकायला लागतं. आम्ही उंदराला डाव्या वाटीत खाऊ देतो. ते शिकला की उजवीत टाकतो. धडधाकट असेल तो पाच-सहा वेळा चुकतो आणि मग उजवीकडे वळतो. आजार लागलेला चालतो नीट, पळतो नीट, पण जातो डावीकडेच. आमचा चौदा नंबर तर रिकामी वाटी चाटत बसतो. त्याच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये पुढचा भाग महिनाभर आधीच मंद दिसत होता.

मीरा: मग ह्यांचंही करा की ते स्कॅन.

स्वप्ना: डॉक्टर करणारच होते. मीच नको म्हटलं. घरी तपासलंय, नवीन गोष्ट लगेच शिकतात, म्हटलं. मी त्याच कामातली, म्हणून त्यांनी माझी वही बघितली आणि शाळेसाठी पत्र लिहून दिलं. गाडी चालवायला हरकत नाही म्हणून.

मीरा: पहिल्या दिवशी मी नव्हती हलवली.

स्वप्ना: म्हणजे?

मीरा: तू पहाटेच लॅबला गेली होतीस. हे त्या रिकाम्या खिळ्यावरून हात फिरवत उभे. मी म्हटलं, अहो, तिकडे हुकाला आहे. हो हो म्हणाले, आणि परत खिळाच चाचपायला लागले. दहा मिनिटं. मग माझ्याकडे बघितलं. तसं तोंड ह्यांचं मी कधी बघितलं नव्हतं. मला नाही बघवलं, स्वप्ना.

स्वप्ना: हे मला सांगायचं ना!

मीरा: सांगितलं असतं तर तू गाडी सोडायला लावली असतीस. सव्वीस वर्षं पोरं नेतायत. गाडी गेली की ते खिडकीत बसणार आणि मी त्यांच्याकडे बघत बसणार. भीती वाटली मला.

स्वप्ना: थांब, थांब. शाळा सोमवारपासून नव्या इमारतीत गेली. चार दिवस ते मुलांना तिकडेच नेतायत, एकदाही चुकले नाहीत. म्हणजे हे तरी शिकलेत. शिकलेत ना?

मीरा: पुतळाबाई सांगते त्यांना.

स्वप्ना: गाडीत मुलांबरोबर बसते ती?

मीरा: तीच. मीच म्हटलं होतं तिला, नाका आला की सांगत जा, भाऊ, उजवीकडे घ्या. काल दोनदा सांगावं लागलं म्हणाली.

स्वप्ना: आज आहे ना ती?

मीरा: सुनेला दवाखान्यात नेलंय तिने. सहाला फोन आला. मी खाली जाऊन ह्यांना बजावलं, नाक्यावर उजवीकडे. हो म्हणाले.

स्वप्ना: खिळ्यापाशीही हो म्हणाले होते. फोन लाव त्यांना.

मीरा: फोन इथेच आहे, चार्जिंगला. विसरले.

स्वप्ना: आई, जुन्या शाळेत नुसतं निळं गेट उभं आहे. आत सगळं पाडायला घेतलंय.

मीरा: माहीत आहे. साडेसातला मेलं ते यंत्र सुरू होतं, आपली भांडी हलतात इथे.

स्वप्ना: मी जाते. माझी चप्पल कुठाय?

मीरा: थांब. जिन्यात पावलं वाजतायत. तेच आहेत. आले गं बाई, आले.

सुधाकर: काय गं, दोघी दारात का उभ्या? मीरा, चहा टाक मस्त आल्याचा. आज गाडी एकदम टाइमात.

स्वप्ना: पप्पा, मुलं सोडली?

सुधाकर: सोडली की. अकराच्या अकरा. पुतळाबाई नव्हती ते बरं झालं, सारखी कानाशी कटकट करते. आज कसं शांतपणे गेलो.

मीरा: अहो, कुठे सोडलीत?

सुधाकर: कुठे म्हणजे? शाळेत! ती शिशुवर्गातली पिंकी तेवढी उतरायला तयार नव्हती. रडून गोंधळ. काका, इथे नाही, इथे नाही. रोज नवीन नाटक हिचं. उचलून ठेवली आत.

स्वप्ना: कुठल्या गेटने, पप्पा?

सुधाकर: असं काय विचारतेस? निळ्या. वॉचमनचा पत्ता नव्हता आज. मग मीच गेट ढकलून सगळ्यांना आत घातलं आणि बाहेरून कडी लावून आलो. लहान पोरं आहेत, रस्त्यावर नकोत यायला.

मीरा: स्वप्ना, किती वाजले गं?