शहामृगाचं कातडं आणि आमचे अप्पा

आमचं मूळ बेळगावकडचं, एका खेड्यातलं. आज्जा गावची मेलेली ढोरं ओढायचा, कातडी कमवायचा, आणि बौद्ध धर्माची दीक्षा घेतली तसं सगळं सोडून दिलं बघा, तर गावानं काय करावं, आमची मजुरी बंद, गिरणीत दळण बंद, दुकानात मीठसुद्धा मिळंना. अप्पा तेव्हा लहान, पण सगळं कळायच्या वयाचे. पुढं ते हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात लागले, आम्हा भावंडांना शिकवलं, आणि घरात एकच कायदा, चामड्याच्या कामाचं नाव काढायचं नाही. आणि मी, त्यांची थोरली, मंगल, बी.कॉम. झालेली, मला काय आवडावं? चामडंच. काय सांगू तुम्हाला!

झालं असं, की खादरचाचांच्या बॅगांच्या कारखान्यात हिशेबाला म्हणून लागले, पण डोळे सगळे कारागिरांच्या हाताकडं. चाचा म्हणाले, बेटा, नुसतं बघतीस काय, सुई धर की. धरली. हात बसला तो बसलाच. लग्नानंतर हुबळीतच स्वतःचं दुकान काढलं, तेव्हा अप्पा म्हणाले, आज्जानं जीव धोक्यात घालून जे सोडलं ते तू हौसेनं उचललंस? मी म्हटलं, अप्पा, आज्जाला ते करायलाच लागत होतं, मला कुणी लावलेलं नाही. ते उठून गेले. मग माझ्या घरी यायचे, नातीशी खेळायचे, जेवायचे, पण दुकानाची पायरी चढले नाहीत. बाजाराला जाताना पलीकडच्या बाजूनं जायचे हो, मी आतनं बघायचे.

मला शहामृगाचं वेड लागलं ते धारवाडच्या एका वकीलबाईंमुळं. त्यांची परदेशातनं आणलेली पर्स उसवली, ती माझ्याकडं आली. पिसं उपटलेल्या जागी कसे दाणे उठतात त्या कातड्यावर, हात फिरवला आणि मी खुळीच झाले. वकीलबाई म्हणाल्या, अशीच मोठी बॅग करून देशील काय? देते म्हटलं. कातडं कुठं मिळतं ठाऊक नव्हतं, पण देते म्हटलं.

विचारत विचारत कळलं, चेन्नईत बाहेरून मागवणारे व्यापारी आहेत. आमचे मालक, म्हणजे नवरा, माझ्यासोबत येणार होते, तर आयत्या वेळी त्यांना डेंगू झाला. आमची अव्वा, म्हणजे आई, म्हणाली, अप्पा जातील. अप्पांनी नुसतं पिशवीत कपडे भरले. गाडीत सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत बसले, आणि व्यापाऱ्याच्या दुकानाशी पोचलो तर म्हणाले, तू जा आत, मी इथं बाकावर आहे.

व्यापारी गोड बोलायचा. चहा दिला, कुठल्या तुम्ही, या धंद्यात कशा आला विचारलं, आणि मी बोलता बोलता आज्जाचं सांगून बसले. शहामृगाची कातडी दाखवली, चांगली होती. मग त्यानं कापडात गुंडाळलेलं एक बाहेर काढलं. अजगराचं. मगर, अजगर असली कातडी बाहेरून आणायला आपल्याकडं बंदी आहे, आणि इथलं मारायचं तर त्याहून मोठा गुन्हा. मी म्हटलं, हे नको. तो म्हणाला, दोन्ही घ्यायचं, नाहीतर शहामृग पण मिळणार नाही. मी परत नको म्हटलं. तर हसून म्हणाला, मेलेली जनावरं सोलणाऱ्यांच्या घरात हे सोवळं कधी शिरलं?

मी उठले. तोवर अप्पा दारात. बाहेर सगळं ऐकू जात होतं. रेल्वेतल्या हिंदीत, आवाज न चढवता म्हणाले, हिच्या आज्जाला नको म्हणायला अर्धा जन्म लागला. ही माझी मुलगी, हिनं दोनदा म्हटलंय. उचला ते तुमचं.

आम्ही बाहेर पडलो. हातात काही नाही, ऊन हे एवढं, आणि सत्तरी ओलांडलेला माणूस बरोबर. मी म्हटलं, अप्पा, जाऊया परत. ते म्हणाले, परत कशाला? दुसरं दुकान नाही काय या गावात?

चौथ्या की पाचव्या दुकानात मिळालं. एक म्हातारे गृहस्थ होते, सरळ माणूस, म्हणाले, निवडा निवांत. आता निवडायचं म्हणजे कसं, पाठीच्या मधल्या भागात दाणा दाट आणि भरीव पाहिजे, बोटाखाली दबणारा पोकळ नको, ओला रुमाल घासून रंग सुटतो काय बघायचं, आणि शेवटी अख्खं कातडं उजेडासमोर ताणून धरायचं, म्हणजे बारीक भोक असलं तरी चमकतं. पण ताणायला दोन माणसं लागतात. मी एक टोक धरून इकडंतिकडं बघतेय, म्हातारे फोनवर, त्यांचा गडी वर माळ्यावर गेलेला. अप्पा दाराजवळच्या बाकावरनं उठले, आणि दुसरं टोक धरलं.

मी कातडं काय बघणार हो. मी त्यांचे हातच बघत राहिले. ते म्हणाले, माझ्याकडं काय बघतीस, भोक बघ की.

ती बॅग झाली, वकीलबाई खूश, पुढं कामं येत गेली. शहामृगाच्या पायाचं खवल्यांचं कातडं असतं, मगरीचा हट्ट धरणाऱ्यांना मी ते दाखवते, नाही पटलं तर नमस्कार करते. माझ्या कामावर माझा भरवसा आहे, गिऱ्हाईक कुठं जात नाही.

अप्पा आता थकलेत. संध्याकाळी दुकानात येऊन पंख्याखाली बसतात, गिऱ्हाइकाशी कानडीत गप्पा मारतात, चहा माझ्या आधी त्यांना लागतो. लेक माझी धारवाडात सप्तापूरला खोली घेऊन शिकतेय, दगडांचं शास्त्र म्हणे. लोक विचारतात, मग दुकान पुढं कोण बघणार? मी म्हणते, तिचं तिनं ठरवावं. दगड फोडू दे नाहीतर आणि काही करू दे, मनापासून करू दे. सुखात राहू दे पोरगी, आणि तुम्ही पण राहा. चहा घेतल्याशिवाय उठायचं नाही हं.