न घासलेली पायरी

नॉर्मा: हा फोटो नको, जॅनीन. तो बाजूला ठेव. त्यापेक्षा ब्लॅकपूलचा घे, आई वाळूत बसलीय तो. लोकांना समुद्र आवडतो.

जॅनीन: मिसेस बार्लो, प्रदर्शन आपल्या गावातल्या रस्त्यांचं आहे. ब्लॅकपूलचे फोटो या लायब्ररीत पोत्यानं येऊन पडलेत. हा कार्डर स्ट्रीटचा ना? मागे गिरणीचं धुराडं दिसतंय. पाडलेल्या गल्ल्यांचे माझ्याकडे जेमतेम चार फोटो आहेत.

क्लिफर्ड: कार्डर स्ट्रीटच. पाच नोव्हेंबर, एकोणीसशे सहासष्ट. दुपारचे तीन. नव्या पाद्रीबाबांना फोटोंची भारी हौस होती, त्यांनी काढलाय.

नॉर्मा: सकाळची गोळी घेतली का ते माझ्या या भावाला आठवत नाही. हे बरं आठवतं.

जॅनीन: पाच नोव्हेंबर म्हणजे रात्रीच्या सणाचा जाळ, त्यासाठी रचलेली लाकडं ना ही? ढीग पार खिडक्यांच्या वर गेलाय. आणि वर खुर्चीत राजासारखा बसलाय तो मुलगा कोण?

क्लिफर्ड: मी, अकरा वर्षांचा. खुर्चीत जाळायचं बुजगावणं बसवायचं होतं. त्याआधी फोटोपुरता मी बसलो.

जॅनीन: मग तर हाच हवा. मोठा करून दाराशी लावते. खाली चार ओळी लागतील, आणि नावं. शनिवारी उद्घाटन आहे, म्हणजे मला आजच...

क्लिफर्ड: ओळी लिहून आणल्यात मी. हा घे.

नॉर्मा: कसला कागद? मला नाही दाखवलास.

क्लिफर्ड: तुला दाखवला असता तर तो इथवर पोचला नसता. वाच, पोरी. मोठ्यानं वाच.

जॅनीन: ‘या ढिगातलं बरंचसं सामान मिस एडा एंटविसल यांच्या घरातलं आहे. तेव्हा त्या इस्पितळात होत्या. घर रिकामं समजून आम्ही मुलांनी ते फोडलं. आत शिरणारा पहिला मी, क्लिफर्ड ऑग्डेन. त्या परत आल्या तेव्हा घराला दार नव्हतं आणि आत जिना नव्हता.’ मिस्टर ऑग्डेन, हे असंच्या असं लावायचं?

क्लिफर्ड: असंच्या असं.

नॉर्मा: काही लावायचं नाही. शनिवारी सगळं गाव लोटणार इथे. तुझ्या हातची कपाटं निम्म्या गावाच्या स्वयंपाकघरात आहेत, क्लिफ. केक खाता खाता लोक हे वाचणार आणि मग तुझ्याकडे बघणार.

क्लिफर्ड: बघू देत. त्यासाठीच लिहिलंय. इस्पितळात माझ्या छातीचाही फोटो काढलाय, नॉर्मा. तोही काही फार चांगला आलेला नाही. जे करायचं ते आता करून टाकलेलं बरं.

जॅनीन: मला एक कळलं नाही. मी डेव्हनची, इथल्या गोष्टी मला ठाऊक नाहीत. राहतं घर रिकामं कसं वाटलं?

क्लिफर्ड: तेव्हा निम्मी गल्ली रिकामी झाली होती. घरं पाडायची होती, माणसं एकेक करून टेकडीवरच्या नव्या फ्लॅटांत चालली होती. तिथे मावायचे नाहीत म्हणून पलंग, कपाटं इथेच टाकून जायची. आम्हा पोरांची चंगळ. फक्त एक नियम होता. पायरी बघायची.

जॅनीन: पायरी?

क्लिफर्ड: दर शुक्रवारी बायका गुडघ्यांवर बसून दाराची पायरी घासायच्या आणि दगडानं तिच्या कडेला पांढरी पट्टी ओढायच्या. जुने कपडे दिले की भंगारवाला तो दगड द्यायचा. घरात खायला नसलं तरी चालेल, पायरी काळी राहिलेली चालायची नाही. तेव्हा पांढरी कड दिसली की घरात माणूस आहे, तिथल्या खिळ्यालाही हात लावायचा नाही. काळी असली की घर आपलं.

जॅनीन: आणि मिस एंटविसलची?

क्लिफर्ड: काळीकुट्ट. मी वाकून बोट फिरवून बघितलं. एरवी गल्लीत सगळ्यांत पांढरी पायरी त्यांचीच असायची, म्हणून तर मला खात्री वाटली. आम्ही स्वतः ऑगस्टमध्येच फ्लॅटात गेलो होतो. मागे कोण राहिलंय, कोण इस्पितळात आहे, मला काय ठाऊक? म्हटलं, सगळे गेले तशा ह्याही गेल्या.

जॅनीन: मग ती चूकच झाली की. अकरा वर्षांचं पोर.

क्लिफर्ड: मीही तसं म्हटलं असतं. पण त्या तसं म्हणाल्या नाहीत.

नॉर्मा: क्लिफ, पुरे आता. हिला कामं आहेत.

क्लिफर्ड: त्यांना वृद्धाश्रमात ठेवलं होतं. आईनं मला माफी मागायला नेलं. ही बरोबर होती. आई बाहेर मेट्रनशी बोलत राहिली, आम्ही दोघंच आत गेलो. मिस एंटविसल ठार बहिऱ्या, गिरणीत चाळीस वर्षं मागांचा खडखडाट ऐकून. अशा बायका आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलायच्या. मला ते वाचता यायचं नाही. हिला यायचं, आईकडून शिकली होती. मी माफी मागितली. त्या माझ्याकडे बघून बोलल्या, मग हिच्याकडे बघून बोलल्या. मी हिला विचारलं, काय म्हणतात? तर म्हणाल्या होत्या, ‘याला घेऊन जा. पुन्हा मला तोंड दाखवू नको म्हणावं.’

जॅनीन: आणि मग?

क्लिफर्ड: मग काय. शाळेत सुतारकामाच्या तासाला मी त्यांच्यासाठी एक स्टूल करत होतो. ते नेलंच नाही. मार्चमध्ये त्या गेल्या.

जॅनीन: मी जरा चहा घेऊन येते. साखर?

नॉर्मा: याला नको. मला दोन चमचे. आणि घाई करू नकोस गं.

क्लिफर्ड: हे बघ, तू कितीही समजूत घाल, कागद मी परत घेणार नाही.

नॉर्मा: समजूत घालत नाहीये मी. तो कागद खोटा आहे.

क्लिफर्ड: शब्द न् शब्द खरा आहे.

नॉर्मा: तुला माहीत आहे तेवढा खरा आहे. पायरी काळी का होती, ते त्यात नाही.

क्लिफर्ड: त्या इस्पितळात होत्या म्हणून. आणखी काय?

नॉर्मा: कमरेचं हाड मोडलं तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं होतं. सहा आठवडे लागतील म्हणाल्या. दगड हातात दिला आणि म्हणाल्या, दर शुक्रवारी येऊन पायरी घासून जा, म्हणजे पोरांना कळेल घरात माणूस आहे ते. तुमचा नियम त्यांना ठाऊक होता, क्लिफ. सगळ्या गल्लीला ठाऊक होता.

क्लिफर्ड: आणि तू?

नॉर्मा: एकदा गेले. बादली घेऊन गुडघ्यांवर बसले होते आणि माझ्या नव्या शाळेतल्या मुली तिथून चालल्या होत्या. एक म्हणाली, ही बघा मोलकरीण. बाकीच्या हसल्या. पुढच्या शुक्रवारी माझे पायच वळेनात. त्याच्या पुढच्याही नाहीत. मनात म्हटलं, पायरीनं कुणाचं काय अडतंय.

क्लिफर्ड: तुला कळलं कधी? मी काय केलं ते.

नॉर्मा: त्याच दिवशी, चार वाजता. ढिगावर त्यांच्या वडिलांची खुर्ची दिसली. जाळ सात वाजता लावायचा होता. तीन तास होते. तुला सांगितलं असतं तर खुर्ची, दार, सगळं उचलून परत नेलं असतं तुम्ही. पण मग कुणीतरी विचारलंच असतं की पायरी कुणी घासायची होती. मी घरी जाऊन पोट दुखतंय म्हणून झोपले. तू माझ्यासाठी भाजलेला बटाटा रुमालात बांधून आणलास. मी तो खाल्ला.

क्लिफर्ड: तेरा वर्षांची होतीस. घाबरली असशील.

नॉर्मा: थांब. एवढ्यात माफ करू नकोस. अजून मुख्य राहिलंय. वृद्धाश्रमात त्या तसं काही म्हणाल्या नव्हत्या.

क्लिफर्ड: कसं?

नॉर्मा: तोंड दाखवू नको वगैरे. ते मी म्हटलं.

क्लिफर्ड: मग त्या काय म्हणाल्या?

नॉर्मा: तुझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘पोरा, तुझा दोष नाही. पायरी काळी होती.’ मग माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, ‘याला सांग.’

क्लिफर्ड: सांग म्हणाल्या तुला.

नॉर्मा: हो. एवढंच मागितलं त्यांनी. पण ते सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी परत गेला असतास, स्टूल घेऊन. रोज गेला असतास, तुझा स्वभाव माहीत आहे मला. आणि कधी ना कधी तुला त्यांचे ओठ वाचता आले असते. म्हणून तू पुन्हा तिथे जाऊच नयेस असं काहीतरी मला बोलायचं होतं. जे तोंडात आलं ते बोलले.

क्लिफर्ड: म्हणून दाखव.

नॉर्मा: म्हटलं की आत्ता.

क्लिफर्ड: तसं नाही. त्या म्हणाल्या तसं. माझ्याकडे बघून.

(नॉर्मा आवाज न काढता ओठ हलवते.)

क्लिफर्ड: हो. एवढाच वेळ लागला होता. हेच होतं ते.

नॉर्मा: क्लिफ...

क्लिफर्ड: माझ्या पोरांना मी कधी जाळ बघायला नेलं नाही. सगळी गल्ली जायची आणि माझी दोघं खिडकीला नाक लावून बसायची. आयरीन कारण विचारायची. तिलाही सांगितलं नाही. बायको गेली माझी, ते न कळता गेली. मला वाटायचं, त्या बाईनं मरेपर्यंत मला माफ केलं नाही तर दुसऱ्या कुणाकडून मागून काय उपयोग.

नॉर्मा: ठाऊक आहे मला.

क्लिफर्ड: तेराव्या वर्षीचं सोडून देतो. पण चौदाव्या वर्षी का नाही सांगितलंस? विसाव्या? आयरीनच्या मयतीला रात्रभर माझ्याशेजारी बसली होतीस, तेव्हा?

नॉर्मा: दरवेळी वाटायचं, आता फार उशीर झाला. आणि उशीर काही कमी होणारा नव्हता. तू कपाटं करत राहिलास, देवमाणूस म्हणून लोक तुझं नाव घ्यायला लागले, आणि मला वाटायचं, चला, याचं काही बिघडलं नाही. मनाशी असं म्हटलं की महिनाभर झोप लागायची. आज तू तो कागद काढलास. माझी लाज तू एकट्यानं भिंतीवर टांगायला निघालास. ते मात्र मला बघवेना. बोल काहीतरी. शिव्या दे हवं तर.

क्लिफर्ड: शिव्या येतायत. पण लायब्ररीत आहोत.

नॉर्मा: घरी जाताना गाडीत दे.

क्लिफर्ड: मी बसनं जाईन.

नॉर्मा: बरं.

क्लिफर्ड: आणि रविवारी जेवायला बोलावू नकोस. दोन-चार रविवार तरी.

नॉर्मा: बरं.

जॅनीन: चहा. मशीनचा आहे, फार आशा ठेवू नका. कागदाचं काय ठरलं? तसाच घेऊ, की नावं काढून टाकू?

नॉर्मा: काढायचं काही नाही. त्याच्याखाली भर घालायची आहे. लिहून घे. ‘मिस एंटविसल यांनी आपली पायरी घासायचं काम पूर्वी गल्लीत राहणाऱ्या एका मुलीवर सोपवलं होतं. तिनं ते केलं नाही. पायरी काळी दिसली म्हणून मुलांना घर रिकामं वाटलं. मुलाचा दोष नाही, असं मिस एंटविसल यांनी स्वतः सांगितलं होतं. तेही त्या मुलीनं त्याला कळू दिलं नाही.’ लिहिलंस?

जॅनीन: लिहिलं. मुलीचं नाव ठाऊक आहे का कुणाला?

नॉर्मा: नॉर्मा ऑग्डेन. आता बार्लो.

जॅनीन: अं... मिसेस बार्लो, तुमची हरकत नसेल तर एक विचारते. नावं फोटोतल्या माणसांचीच द्यायची असं आम्ही ठरवलंय. यात मुलगी एकही दिसत नाही.

नॉर्मा: मी नाहीच त्यात. घरी झोपले होते.

जॅनीन: मग मिस्टर ऑग्डेन, तुम्हीच सांगा. फोटो तुमचा आहे. दोन्ही नावं घालू?

क्लिफर्ड: घाल. थोरली आहे ती. तिचं आधी.