पत्र्यावरची थाप

ऐका, पण मधी उठायचं न्हाई. ज्याला भ्या वाटतं त्यानं आत्ताच आईजवळ जाऊन निजावं. मागनं माझ्या नावानं बोंबलायचं न्हाई.

चैताचा महिना. माझा पुतण्या भागवत, त्याच्या लेकीचं जावळ काढून आम्ही देवावरनं निघालो तवा दिवे लागले हुते. पिकअप भागवताचीच. तो गाडीवर, मी शेजारी. मागं ताडपत्रीखाली आमच्या घरची माणसं, त्याच्या सासरची माणसं, आन् त्याची बायको मैना, तान्ही लेक मांडीवर घेऊन. दुपारी ऊन असं की डांबर चिकटत हुतं. पाऊस कुणाच्या सपनात बी न्हवता.

हायवेला लागलो आन् वारं सुटलं. बघता बघता म्होरचं दिसंना. मग गारा. लिंबाएवढ्या, काचेवर ताड ताड. मागं बाया वरडाय लागल्या, ताडपत्री फाटली. मला एकच घोर, पोरीचा. नुकतं जावळ काढलेलं कवळं डोस्कं, एक गार बसली तर काय राहतंय?

"भागवता, आडोसा बघ."

"कुठं बघू, तात्या? थांबलो तर मागचा ट्रक अंगावर चढंल."

तेवढ्यात पत्र्यावर मागनं थाप पडली. एक थाप म्हंजी थांब, हे शेंबड्या पोराला बी ठावं हाय. भागवतानं गाडी कडंला घेतली. पोत्याची खोळ घेतलेला माणूस मागनं उतरला, काचेशी आला. तोंड दिसंना. म्हणला, "हितनं खाली कच्चा रस्ता हाय. आत शेड हाय. मी म्होरं चालतो."

मला वाटलं, मैनाच्या माहेरचा असंल. आता सोयऱ्याला तुमचं नाव काय म्हणून कसं इचारायचं? लाज वाटली, गप बसलो.

गाडी हायवे सोडून खाली उतरली. बरं का, गाडी पळतीया आन् ह्यो गडी म्होरं चालतोय. चालतोय, पळत न्हाई. तरी गाठ पडंना. मी म्हणलं, "भागवता, बघतोस न्हवं?" व्हट पांढरं पडलं हुतं त्याचं.

शेड आली. न्हाई कशाला म्हणू, आली. माणूस मागं गेला आन् म्हणला, "उलटी आत घ्या, बायास्नी भिजाय नको." पटण्याजोगं बोलला, हेच तर त्याचं वंगाळ. भागवतानं रिव्हर्स टाकला. पत्र्यावर दोन थापा. दोन म्हंजी येऊ द्या. परत दोन. "येऊ द्या... येऊ द्या..." आवाज मागनं. मग टपावरनं. मग माझ्या कानाशी. काच बंद हुती, ऐका, काच बंद.

जीव मुठीत धरून मी काच खाली केली, डोस्कं भाईर काढलं. तवाच ईज चमकली. गारांनी सगळी जमीन पांढरी झालेली. त्या पांढऱ्यावर माणसाच्या पायाचा एक ठसा न्हाई. आन् गाडीच्या मागंच एक काळा गोल. सगळीकडं गारा साठल्या, तिथंच न्हाई. साठतील कशा? बिनकठड्याची विहीर हुती ती.

मी दोन्ही हातांनी हँडब्रेक वढला. गाडी हिसका देऊन थांबली. चाकाखालची माती सुटून पाण्यात पडल्याली आम्ही ऐकली.

भागवतानं तिथनं गाडी काढली ती हायवेवरच्या पेट्रोल पंपाच्या उजेडात आणून थांबवली. मी मागं गेलो. सगळी हुती. पोरगी मैनाच्या पदराखाली. मी व्याह्यांना इचारलं, "तुमचा तो खोळवाला पाव्हणा मागंच राहिला का?"

"आमचा कुठला? तुमचा न्हवं का तो? देवापासनं आमच्यातच तर बसला हुता."

मैना म्हणली, "तात्या, गाडी उलटी जाताना तो फाळक्याशी उभा हुता. हात म्होरं करून म्हणला, गारा लागतील तिला, दे हिकडं. मी देतच हुते. हिसका बसला म्हणून माझ्याच अंगावर पडली."

तवा त्या उताराला गाडी घालू नका. गारा पडू द्या, काच फुटू द्या, हायवे सोडायचा न्हाई. आन् गाडीत कुणी बसला की त्याचं नाव इचारा, गाव इचारा. सोयरा रुसला तर रुसंल, चार दिसांनी हसंल.