कॉम्प्युटरचा शुक्रवार

पंच्याण्णव-शहाण्णवची गोष्ट. आमच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमाग कारखान्याच्या, ऑफिसातला कॉम्प्युटर इतका स्लो झाला की एक पत्र निघेपर्यंत माझ्या मुलीची बालवाडी सुटायची. ती गेटवर रडत उभी, आणि मला वाटायचं, मीच काहीतरी बिघडवलंय.

शेवटी मेकॅनिक आला. शेठ अभिमानानं म्हणाले, "ईदपासून सगळे प्रोग्राम उघडेच आहेत. चलती मशीन कोई बंद करता है क्या?"

मेकॅनिक म्हणाला, "शेठ, लूमलापण शुक्रवारी सुट्टी देता ना?"

त्यानं सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. पत्र झटकन निघालं.

शेठना पटलं. "आता ह्यालाही शुक्रवारी सुट्टी!"

मी धीर करून विचारलं, "मग मलाही? मुलीला वेळेवर आणता येईल."

"छे छे मॅडम! कॉम्प्युटर बंद, मग पत्रं हातानं कोण लिहिणार?"