गिधाडं आणि माझा पंधरावा वाढदिवस

...नाही हो, पंधरावा वाढदिवस किती गोड असतो ते मला नका सांगू, मी भोगलाय तो! तुम्हाला सांगते, आमच्या लिमा शहरात मुलगी पंधराची झाली की तिला गुलाबी सॅटिनमध्ये गुंडाळतात, डोक्यावर मुकुट ठेवतात, आणि गल्लीतल्या ज्या पोरांनी आजवर तिच्याकडे ढुंकून पाहिलेलं नसतं त्यांना कोट घालून तिच्याभोवती नाचवतात. का? विचारायचं नाही. मी विचारलं. आई म्हणाली, "अगं सेल्दा, पंधरावा आयुष्यात एकदाच येतो!" मी म्हटलं, "सोळावाही एकदाच येतो." आता तुम्हीच सांगा, यात मी वावगं काय बोलले?

आई माझी शिवणकाम करायची. तोंडात टाचण्या धरून बोलायची, आणि तरी शब्दन् शब्द कळायचा. तर अशीच टाचण्यांमधून म्हणाली, "सजावट कशाची करू या? फुलपाखरं? हंस? तुला काय आवडेल ते सांग." मी सांगितलं, गिधाडं. एक टाचणी खाली पडली.

आता आवडणं म्हणजे तुम्हाला आइस्क्रीम आवडतं तसं नाही हं. सकाळी डोळा उघडला की गिधाड, दात घासताना गिधाड, बीजगणिताच्या तासाला गिधाड. रिमाक नदीच्या काठावर, चर्चच्या मनोऱ्यावर, बाजारामागच्या कचऱ्यावर, आमच्याकडे गिधाडांना तोटा नाही, आणि मला त्यांच्याबद्दल बोलायला तोंड एकच! आमच्या वर्गशिक्षिका एकदा कपाळाला हात लावून म्हणाल्या, "बाळा, आज जरा दुसऱ्या कशावर तरी बोल ना गं..." बोलले. कोंडोरवर बोलले. तोही गिधाडांचाच भाऊबंद, पण त्यांनी दुसरं म्हटलं होतं, वेगळं कुठे म्हटलं होतं? यात मी वावगं काय बोलले?

मग काय, शाळेतून निरोप आला, मुलीला दाखवून आणा. दाखवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑटिझम. खरं सांगू? मला बरं वाटलं. म्हटलं, चला, पाखरांना असतं तसं आपल्यालाही नाव आहे म्हणायचं! आई मात्र बसमध्ये सगळा वेळ खिडकीबाहेर बघत बसली, आणि घराच्या दारात थांबून म्हणाली, "हे कोणाला सांगायचं नाही. एर्मेलिंदा मावशीला तर मुळीच नाही. आणि वाढदिवसाच्या दिवशी पक्षी हा शब्दसुद्धा काढायचा नाही. शपथ घे." घेतली. एवढंच म्हटलं, की हंसही पक्षीच असतो. तिने माझ्याकडे असं बघितलं...

तर आला तो दिवस. दुपारचा ठेवला होता, कारण लुकलुकते दिवे मला सोसत नाहीत. तेवढं आईने केलं, नाही म्हणता येणार नाही. पण सॅटिन! मानेवर ती शिवण टोचतेय, इकडे कर्ण्यातून वॉल्ट्झ कोकलतोय, तिकडे कोंबडीच्या रश्श्याचा वास, आणि जो येतो तो गालाला गाल लावतोय, काकांच्या दाढ्या, काकूंची पावडर... त्यात कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याचा विल्मेर हात पुढे करून म्हणतो, "चल ना." मी चालले. केकच्या टेबलाखाली.

तिथे छान होतं हो! पांढरा कपडा चारी बाजूंनी, आवाज निम्मा. तेवढ्यात कपडा वर झाला, आणि आत आलं एर्मेलिंदा मावशीचं तोंड. "काय गं, लाजलीस?" नाही. "पोटात दुखतंय?" नाही. "मग झालंय तरी काय तुला?"

आता बघा, शपथ होती कोणाला सांगणार नाही अशी. विचारलं तर खोटं बोलेन अशी नव्हती. आणि नेमकं त्याच वेळी गाणं संपलं. अख्ख्या हॉलमध्ये माझा आवाज खणखणीत: "मला ऑटिझम आहे मावशी, आईने तुला सांगू नको म्हणून सांगितलंय!"

यात मी... बरं, जाऊ दे.

मावशी म्हणते कशी, "छे! अशी दिसत तर नाहीस!" टेबलाखाली मुकुट घालून बसलेल्या मुलीला म्हणते!

मग सोराइदा आजी, आईची आई, काठी टेकत आली. "हे काय असतं गं नेरिदा?" आई पांढरीफटक. म्हणाली, "म्हणजे... एकाच गोष्टीचा ध्यास लागतो, गडबड सोसत नाही, माणसांत नको वाटतं..." आजीने काठीवर दोन्ही हात ठेवले. मग म्हणाली, "अगं, मग तुझ्या बापाला होतं की हे. घड्याळं सोडून दुसरं बोलला का कधी? आमच्या लग्नाच्या दिवशी न्हाणीघरात कडी लावून बसला होता, पाहुणे जाईपर्यंत." आणि खुर्चीवर टेकत म्हणाली, "मला आपलं जन्मभर वाटलं, मीच त्याला आवडले नाही."

आई उठली ती जिना चढून थेट गच्चीवर. मीही गेले. समजूत काढायला नाही हो, तिथे शांत असतं म्हणून. पाण्याच्या टाकीपाशी बसली होती, चपला काढून, काजळ गालावर. म्हणाली, "लोक तुला हसतील म्हणून लपवलं गं." मी म्हटलं, "आई, लोक आधीपासूनच हसतात." तशी ती जास्तच रडायला लागली. कोणी रडलं की काय करायचं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत आहे, पाणी द्यायचं.

आणि समोरच्या गच्चीवर, तुम्हाला सांगते, हाताच्या अंतरावर... ते! काळंभोर, दोन्ही पंख पसरून! आणि मला शपथ! मी ओठ दाबून धरले, बोटं दाबून धरली, डोळ्यांत पाणी आलं हो. आई म्हणाली, "बोल ना काहीतरी." म्हटलं, "परवानगी नाही." तिने माझ्याकडे बघितलं, मग समोर बघितलं, नाक पुसलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "असे पंख पसरून का बसलंय ते?"

मग काय! पंख वाळवतंय, सांगितलं. उन्हाळ्यात गार वाटावं म्हणून स्वतःच्या पायांवर हगतं, तेही सांगितलं. आवाज काढायला गळ्यात काही नसतं म्हणून नुसतं फुसफुसतं, तेही. आई ऐकत होती. खाली केकही कापून झाला, आम्हाला न बोलावता.

या गोष्टीला खूप वर्षं झाली. आता आईचा रोज फोन येतो. "सेल्दा, आज मनोऱ्यावर दोन बसली होती! सेल्दा, त्यातल्या एकाचं घरटं पाण्याच्या टाकीमागे आहे! सेल्दा, ऐकतेस ना?" आता तिला कोण सांगणार, की आई, गिधाडं मी केव्हाच सोडली, सध्या माझं लिफ्टचं चालू आहे? सांगितलं होतं एकदा. म्हणाली, "हो का? बरं, तर ते घरटं..."

फोन स्पीकरवर ठेवते, भांडी घासते, आणि मध्येमध्ये "अय्या, खरंच?" म्हणते.