खालच्या मजल्यावर ऐकू येणारा फ्यूग

...आणि वर आमचा सेक्रेटरी मलाच म्हणतो, "काका, तुमचा राग आम्हाला समजतो." कसला राग? तुम्हाला सांगतो, रिटायर झाल्यापासून इतका खूश मी कधी नव्हतो. मुलीने तिचा जुना डिजिटल पियानो दिला, साधाच, टेबलावर मावणारा, आणि मी तीनशे वर्षांपूर्वीचे जर्मन फ्यूग शिकायला बसलो. फ्यूग म्हणजे काय? आमच्या सोसायटीची मीटिंग. एक जण मुद्दा काढतो, दुसरा तोच मुद्दा वरच्या पट्टीत मांडतो, तिसरा उलटा करून मांडतो, आणि पहिला काही गप्प बसत नाही. फरक एवढाच, की फ्यूगमध्ये शेवटी सगळ्यांचं जमतं. आणि ही अख्खी मीटिंग माझ्या दहा बोटांत... म्हणजे आठच धरा, करंगळ्या अजून ऐकत नाहीत.

कोणाला त्रास नको म्हणून कानाला हेडफोन. जेवण झालं की बसायचं, फोनला वायर जोडून रेकॉर्डिंग करायचं, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. एकदा शेवटच्या ओळीपर्यंत एक चूक नाही, श्वास धरून बसलोय, आणि फोनवर नागपूरचा मेव्हणा. "काय चाललंय भाऊजी?" रेकॉर्डिंग तिथेच तुटलं, परत पहिल्यापासून.

तर सूर माझ्या कानात, पण पट्ट्यांची टपटप खाली. आणि खाली राहतो अजित, सोसायटीचा सेक्रेटरी. इथे करी रोडला टॉवर नव्हता, आमची चाळ होती, तेव्हा हा अर्ध्या चड्डीत फिरायचा आणि मी घरच्या टाइपरायटरवर साऱ्या चाळीचे अर्ज बडवायचो. नळाचा, संडासाचा, जिन्याचा. अर्ज गेला की पालिकेचा साहेब यायचाच. ते याच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

आता आमच्या डोक्यावर गच्ची. तिचं पाणी छतातून ठिबकतं, तेही नेमकं पियानोवर. वाजवून झालं की आमची कांता त्यावर प्लास्टिक आणि वर चादर घालते. किती पावसाळे सांगतोय, वरच्या पाण्याच्या टाकीला झाकण नाही तेही सांगतोय, पण अजितचं एकच, "बघतो काका, फंड नाही."

आणि एक दिवस हा स्वतःहून दारात. चादरीकडे बघत म्हणतो, "काका, रोज दुपारी एवढं काय टाइप करताय? रजिस्ट्रारकडे सोसायटीची तक्रार करताय का? आधी आम्हाला बोला ना." मी तोंड उघडलं, तर कांताने माझ्या पायावर पाय दिला. "चहा टाकते हं अजित." मी काही बोललो का? एक अक्षर नाही.

संध्याकाळी जिन्यात हा चेअरमनना सांगत होता, "थांबतच नाहीत हो. मधेच अडतात की परत पहिल्यापासून. सगळा अर्ज नव्याने लिहितायत. आणि शेवटाला तर काय जोर काढतात..." तो जोर करंगळीचा, पण मी आल्या पावली वर परतलो. दोन दिवसांत गच्चीवर माणसं, पत्रे, डांबर. छत कोरडं ठणठणीत.

आणि त्याच आठवड्यात फ्यूग जमला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही सूर न चुकता रेकॉर्ड झाला. तुम्हाला सांगतो, जन्मभर दुसऱ्यांचं टाइप केलं, हे काहीतरी आपल्या हातचं. वाटलं, हेडफोन काढावा, दार उघडावं, मजल्याला ऐकवावं. निदान अजितला. त्याने इतके दिवस नुसते ठोके ऐकले, बिचाऱ्याला सूर नकोत?

कांताने आधी स्वतः कानाला लावून सगळा ऐकला. डोळे मिटून. मग म्हणाली, "छान आहे. शेवटाला जरा घाई केलीत." आणि हेडफोन परत माझ्या हातात देत, "ऐकवा की त्याला. पण पियानो आहे हे कळलं, तर पाण्याच्या टाकीला झाकण कोण बसवणार?"

 मी हेडफोन लावला आणि पुढचा फ्यूग शोधायला घेतला. तर ही स्वयंपाकघरातून म्हणते, "या वेळी जरा लांबलचक बघा. टाकीचं काम मोठं आहे."