लागलं न्हाई न्हवं?

पाचगणीच्या धुक्यातून एसटी तरंगत निघाली होती. जुने पैलवान पीरमहंमदचाचा खिडकीला टेकून पेंगत होते. शेजारची दोन पोरं मोबाइलवर बघितलेल्या, पिंजऱ्यात लढणाऱ्या फायटरांवरून हमरीतुमरीवर आली होती.

"रशियावाला लय डेंजर, गड्या. गळा धरला की सुटका न्हाई."

"हॅट! ब्राझीलवाला एका लाथंत झोपवतोय."

"आवं चाचा, मोडलेल्या कानावरनं तुमी पैलवान दिसताय. तुमीच सांगा, डेंजर कोण?"

"लालासाहेब."

"कुठला ह्यो?"

"कराडचा. मला चीत केलं, आन् पाठीची माती झाडत इचारलं, 'लागलं न्हाई न्हवं?'"

"ह्यात डेंजर काय?"

"चाळीस वर्सं झोपंत त्याच्याशी लढतोय, बाळा. पाडायची येळ आली की माझाच हात सुटतोय."

चाचांचे डोळे पुन्हा मिटले. मांडीवरची घट्ट मूठ हळूहळू उघडली.